पहिला प्रश्न पाहुण्याचा

कॉलेजमधला माझा पहिला लॅब पार्टनर माझ्या बाबांपेक्षा वयाने मोठा होता.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला केमिस्ट्री प्रॅक्टिकलसाठी जोड्या लावल्या तेव्हा सगळ्यांना कोणी ना कोणी मिळालं आणि मी उरले. उरण्याची मला सवय होती. शेवटच्या टेबलाशी एक गृहस्थ आधीच उभे होते. नवा कोरा ॲप्रन, घडीच्या रेघा अजून न मोडलेला. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खडू, त्यामुळे खिसा कायम पिठाच्या डब्यात बुडवून काढल्यासारखा. मला वाटलं, लॅब असिस्टंट असतील. मी काही न बोलता त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"ये, बाई," ते म्हणाले. "मले यातलं काहीच येत नाही. तुले येते का?"

मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे मलाही सांगता आलं नसतं. त्यांना तेवढं पुरलं.

तेवढ्यात केमिस्ट्रीचे सर आले. तिशीतले, नुकतेच लागलेले. ते आत येताच माझा पार्टनर टेबलाचा आधार सोडून ताठ उभा राहिला आणि केमिस्ट्रीच्या सरांचा चेहरा पडला. "सर, बसा ना तुमी," ते अजिजीने म्हणाले. "इथं सर तुमी हा," माझा पार्टनर म्हणाला. "मी शेवटच्या टेबलावरचा." नंतर कळलं की हे गृहस्थ आमच्या कॉलेजचे गणिताचे विभागप्रमुख, वरच्या मजल्यावर एम.एस्सी.ला शिकवणारे, आणि केमिस्ट्रीचे सर बी.एस्सी.ला असताना यांच्याच हाताखाली शिकलेले.

वाशीममध्ये ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, फक्त मला नव्हती. हे गणिताचे सर दरवर्षी कुठल्यातरी वेगळ्या शाखेच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसायचे. स्वतःचे तास संपवून, रीतसर त्या विभागाची परवानगी घेऊन, बाकावर. एका वर्षी भूगोल. तेव्हा ते बी.ए.च्या मुलांबरोबर लोणारच्या सरोवराला सहलीला गेले होते आणि गाडीत गाण्याच्या भेंड्यांत हरले होते. एका वर्षी पाली भाषा. एका वर्षी गृहविज्ञान. तिथल्या मॅडम आधी नाही म्हणाल्या, मग हो म्हणाल्या, मग सरांना धोतराच्या तुकड्याला हातशिलाई घालायला लावली. तो तुकडा सर फळा पुसायला वापरत. त्याच्या चारही कडा वाकड्यातिकड्या होत्या, आणि कोणी विचारलं तर सर तो उलगडून दाखवायचे. "हे पाहा, इथपर्यंत माह्या हातची. इथून पुढं एका पोरीनं करून देल्ली."

स्टाफरूममध्ये म्हणत, सरांचं प्रमोशन उलटं होऊन राह्यलं. मुलं त्यांना फ्रेशर सर म्हणत. हे नाव त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि ते त्यांना आवडलं असावं, कारण फ्रेशर्स पार्टीला ते खरंच आले होते.

मी मालेगावची, नाशिककडच्या नाही, वाशीमजवळच्या. रोज एसटीने वाशीमला यायचे. शिकले इंग्रजी शाळेत. बाबा पंचायत समितीत कारकून. आमच्या घरात इंग्रजी शाळेत गेलेली पहिली मी, त्यामुळे मी काही बोलले की घरात सगळे गप्प होऊन ऐकायचे, आणि म्हणून मी बोलणं कमी केलं. शाळेत मराठी बोललं की उभं करत, इंग्रजी चुकलं की वर्ग हसे. दोन्हींतून वाचायचा एकच मार्ग मला लहानपणीच सापडला होता. रिपोर्ट कार्डवर दरवर्षी माझ्याबद्दल 'शांत आणि शिस्तप्रिय' असं लिहून यायचं. बाबा ते पाहुण्यांना वाचून दाखवत.

त्या शाळेत बारा वर्षं काढली, पण मोठ्या माणसाच्या तोंडून 'मला येत नाही' हे वाक्य मी तिथे ऐकलं नव्हतं. शिक्षक म्हणत, ते सिलॅबसमध्ये नाही. बाबा म्हणत, बघू. मामा म्हणत, हे काय विचारणं झालं? आणि इथे माझ्या शेजारी एक विभागप्रमुख ब्युरेटच्या काचेच्या नळीची तोटी धरून सगळ्या लॅबला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होते, "मले नाही येत. दाखव बरं."

त्यांना खरंच येत नव्हतं. टायट्रेशनमध्ये शेवटचा एक थेंब पडला की द्रावणाला हलकीशी गुलाबी छटा यायला हवी. सरांची तोटी त्या थेंबावर कधीच थांबली नाही. त्यांच्या फ्लास्कमध्ये दरवेळी लग्नातल्या सरबतासारखा गडद रंग व्हायचा. मी न बोलता हात पुढे करून तोटी बंद करायचे. केमिस्ट्रीच्या सरांना ते बघवत नसे. ते येऊन म्हणत, राहू द्या सर, मी रीडिंग काढून देतो. सर म्हणत, "तुमी काढून द्याल तं मले कसं येईन?" वर्गचाचणीत त्यांना वीसपैकी चार मिळाले. तो पेपर त्यांनी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांना दाखवला, आणि कुठे कुठे चुकलं ते टपरीवाल्यालाही समजावून सांगितलं.

वर्षाच्या शेवटी एकदाच त्यांच्या फ्लास्कमध्ये ती फिकट छटा आली. त्यांनी फ्लास्क खिडकीशी धरला. कितीतरी वेळ. मग मला म्हणाले, "तुले कोनता विषय आवडते?"

"मॅथ्स," मी म्हणाले. ते वर्षभरात मी त्यांच्याशी स्वतःहून बोललेलं बहुधा पहिलं वाक्य, जर ते वाक्य असेल तर.

"मंग वर ये."

वर म्हणजे एम.एस्सी.चा वर्ग. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला जाणार होते; एम.एस्सी. माझ्यापासून दोन जिने आणि दोन वर्षं लांब होतं. सरांना तो फरक मान्य नव्हता. ते स्वतः खाली जायचे आणि खालच्यांना वर बोलवायचे. त्या वर्गाचे मार्क मिळत नाहीत, हजेरी लागत नाही, सर्टिफिकेट नाही. "खालच्या वर्गात बसलो का मले समजते, आपन काय काय विसरलो," ते म्हणायचे. "वरच्या वर्गात बसलीस का तुले समजीन, आपन कायले भेतो."

बाबांनी विचारलं, "त्याचे मार्क धरतात का?"

"नाही."

"मग?"

त्या तासाला बसलं की माझी थेट मालेगावची बस सुटायची आणि पुढची गर्दीची पकडावी लागायची. बाबांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, उशीर होणार असेल तर फोन करत जा.

वरच्या वर्गात खिडकीजवळ एक बाक होता, तो पाहुण्यांचा. बाहेरच्या वर्गातून जो कोणी येईल त्याने तिथे बसायचं. आणि त्या वर्गाचा एक नियम होता जो मी जगात दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही: तासाचा पहिला प्रश्न पाहुण्याने विचारायचा. विषयाशी संबंध असला म्हणजे झालं. किती का साधा असेना. आणि पाहुण्याने विचारल्याशिवाय सर शिकवायला सुरुवात करायचे नाहीत.

हे का, असं मी पहिल्याच दिवशी शेजारच्या मुलीला खुणेने विचारलं. ती रिसोडची, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची. तिला सगळे ताई म्हणत. ताईने सरांचंच उत्तर मला ऐकवलं, त्यांच्या आवाजाची नक्कल करून: "घरी पाहुना आला तं पयलं ताट कोनाले? पाहुन्याले. पाहुना जेवल्याबिगर घरचे बसते का? नाही बसत. मंग वर्गात कायले बसाव?"

माझ्याआधीपासून त्या बाकावर बीसीएचा एक मुलगा यायचा. निर्भीड. 'प्रत्येकासाठी' म्हणून फळ्यावर उलटा ए कशाला, हे एवढं लांबवून सिद्ध करायची गरज काय, असं काहीही विचारायचा, आणि सर त्या प्रश्नाला असं उचलून घ्यायचे की कधीकधी अख्खा तास त्याच्यातच जायचा. मी त्याच्या आडोशाला बसले होते. पावसाळा गेला, सोयाबीन निघालं, बाजार समितीच्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगा लागल्या, आणि मी एक शब्द न बोलता त्या वर्गात सुखात होते. सगळं समजत नव्हतं. पण सर फळ्यावर लिहिताना एखाद्या ओळीपाशी थांबायचे, दोन पावलं मागे सरकायचे आणि आपणच लिहिलेल्या ओळीकडे असे बघायचे, जसं कोणी आपल्या शेतात उगवलेलं अनोळखी झाड बघतं. ते बघायला मी कितीही गर्दीच्या बसने गेले असते.

मग त्या मुलाला पुण्यात नोकरी लागली.

त्यानंतरच्या तासाला सर आले, फळा पुसला, खडू हातात घेतला आणि खिडकीकडे वळून उभे राहिले. खिडकीजवळ फक्त मी होते.

मी वहीकडे पाहत राहिले. पंखा फिरत होता. खालून पहिल्या वर्षाच्या मुलांचा गोंगाट वर येत होता. ताईने कोपराने ढोसलं, "इचार ना व, काही बी इचार." प्रश्न नव्हता असं नाही. वहीच्या समासात मी महिनाभराचे प्रश्न लिहून ठेवले होते. पण प्रत्येक प्रश्न मनातल्या मनात म्हणून पाहिला की तो कोणीतरी आधीच हसून टाकलेला वाटायचा. इंग्रजीत म्हटला तर शहाणपणा वाटेल. मराठीत म्हटला तर मला त्या शब्दांची मराठी येत नव्हती.

सर रागावले नाहीत. त्यांनी घड्याळही पाहिलं नाही. ते नुसते उभे होते, पाहुण्याचा हात धुऊन व्हायची वाट बघत दारात उभा राहणारा यजमान असतो तसे. घंटा झाली. "बरं. उद्या," असं म्हणून ते गेले.

जिन्यात एम.एस्सी.च्या एका मुलाने मला थांबवलं. उंच, चष्मा लावलेला, नेट-सेटची तयारी करणारा. तो ओरडला नाही, त्यामुळे जास्त लागलं. "हे पाय, राग नको मानू. इचारत नसशीन तं नको येऊ. आमचा पोर्शन राहून राह्यला."

तो बरोबरच होता. मी त्यांचा तास खाल्ला होता. आणि मला तो वर्ग सोडायचा नव्हता, हे मला त्याच क्षणी जिन्यात कळलं. तोपर्यंत मला वाटत होतं की मी तिथे सरांनी बोलावलं म्हणून जाते.

घरी जाऊन मी एक प्रश्न तयार केला. इंग्रजीत, दोन ओळींचा, व्याकरणशुद्ध. बसमध्ये तो पाठ केला. शेजारी बसलेल्या बाईंना वाटलं मी काही जप करते आहे. दुसऱ्या दिवशी सर खिडकीकडे वळले, मी उभीसुद्धा राहिले, आणि प्रश्न गेला. अख्खा. त्याच्या जागी काही उरलं नाही.

थोड्या वेळाने तो चष्मेवाला मुलगा उभा राहिला. "सर, तिच्याकून आमीच इचारतो ना. तुमी सुरू करा."

सर त्याच्याकडे पाहून हसले. "घरचे पयले जेवून घेते अन् पाहुना बसून पाह्यते, तवा त्याचं तोंड कसं दिसते, पाह्यलं का कधी?"

तो बसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते खाली पडू नये एवढंच काम मी घंटा होईपर्यंत केलं. आज विचार करते तेव्हा वाटतं, हे काही सगळं बरोबर नव्हतं. एका मुलीच्या तोंडून एक वाक्य निघावं म्हणून बाकीच्यांना असं बसवून ठेवणं. सरांनाही ते कळत असावं. बुडालेले दोन्ही तास त्यांनी पुढे रविवारी येऊन भरून काढले. पण तेव्हा मला एवढंच दिसत होतं की मी उठून गेले तर सगळे सुटतील. बाक रिकामा झाला की नियमच उरणार नाही. मी ठरवलं, सरांना भेटायचं आणि उद्यापासून येत नाही म्हणून सांगायचं.

ते स्टाफरूममध्ये नव्हते. शिपाई म्हणाला, खाली कॉमर्सला असतील. त्या वर्षी ते बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला अकाउंट्स शिकत होते. मी वर्गाच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

सर मधल्या रांगेत बसले होते. दोन्ही बाजूंना अठरा-एकोणीस वर्षांची मुलं. मॅडम फळ्यावर खात्याच्या दोन बाजू आखून काही समजावत होत्या. सरांनी हात वर केला आणि उभे राहिले.

"मॅडम, मले नाही समजलं. पैसे आले, अन् तरी ते जमेत न टाकता नावे काहून टाकले?"

वर्ग हसला. मॅडमही ओठ दाबून हसल्या आणि त्यांनी पुन्हा समजावलं. सर उभेच होते. "अजून नाही समजलं," ते म्हणाले. आता मागून कोणीतरी म्हणालं, "फ्रेशर सर, गाइड घ्या गाइड." हशा मोठा झाला. मॅडमनी तिसऱ्यांदा, एका दुकानाचं उदाहरण घेऊन सांगितलं. सर ऐकत होते. मी दारात होते म्हणून मला त्यांची मागची बाजू दिसत होती, हसण्याच्या नादात कोणाचं लक्ष नव्हतं ती. त्यांचे कान लाल झाले होते. एक हात बाकाच्या कडेवर होता, आणि तो थरथरत होता. थोडासा नाही, बाकावरची पट्टी वाजत होती इतका.

"हां," ते म्हणाले. "आता आलं." आणि बसले.

मी आतापर्यंत समजत होते की काही माणसं मुळातच न भिणारी असतात, आणि सर त्यांतले. त्यांना हे सोपं जातं म्हणून ते आमच्याकडून मागतात. त्या दारात उभी असताना माझी ती समजूत गेली, आणि तिच्या जागी जे आलं त्याला काय म्हणावं ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. देवळात उंच कळसाकडे बघताना मान मागे जाते. मी एका बाकावर बसलेल्या माणसाच्या पाठीकडे तशी बघत होते.

तास सुटल्यावर ते बाहेर आले. मला बघून थांबले. "काय व?"

येत नाही उद्यापासून, हे वाक्य मी तयार करून आले होते. तेही निघालं नाही. मी त्यांच्या हाताकडे पाहत होते. त्यांनीही खाली पाहिलं आणि तो हात खिशात घातला. खडू असलेल्या खिशात नाही, पँटच्या.

"भेव लागते," ते म्हणाले. "दरसाल लागते. कमी होत नाही. म्हनून तं जातो."

एवढंच. आणि ते वरच्या मजल्याकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी काहीही पाठ केलं नाही. सर खिडकीकडे वळले. मी उभी राहिले. मला माझे कान गरम झालेले कळत होते, आणि का कोण जाणे, त्याचा आधार वाटला. वहीच्या समासातल्या पहिल्याच प्रश्नावर बोट ठेवलं. त्या वर्गात जवळजवळ प्रत्येक सिद्धता एकाच वाक्याने सुरू व्हायची: शून्यापेक्षा मोठा एप्सिलॉन दिलेला आहे. एप्सिलॉन म्हणजे एक संख्या, हवी तेवढी लहान. सगळे ते वाक्य लिहायचे आणि पुढे जायचे.

"सर," मी म्हणाले. आवाज अर्धाच आला. "हा एप्सिलॉन देतो कोण?"

कोणी हसलं नाही. सरांनी खडू खाली ठेवला. वर्गाकडे वळून म्हणाले, सांगा. चष्मेवाल्याने काहीतरी सुरू केलं आणि मध्येच थांबला. ताई म्हणाली, दिलेलाच असते, सर. सरांनी मान हलवली, आणि मग ते टेबलाला टेकून, गोष्ट सांगावी तसं बोलायला लागले.

"ज्याचा आपल्यावर भरोसा नाही, तो देते. तो म्हनते, मले इतक्या जवळ आनून दाखव. आपन आनून दाखवतो. तो म्हनते, अजून जवळ. आपन अजून जवळ आनतो. तो काही थकत नाही. मंग आपन म्हनतो, बाप्पा, तू कितीबी बारीक दे, माह्यापाशी दर टायमाले उत्तर हाये. हे ज्या दिवशी त्याले दाखवता आलं, त्या दिवशी सिद्ध झालं. सिद्धता म्हनजे भांडनच हाये. फक्त लय सभ्य."

तो अख्खा तास त्यातच गेला. मला अजून तो जसाच्या तसा आठवतो. जिन्यात चष्मेवाला माझ्या बाजूने उतरला आणि खाली पोचल्यावर म्हणाला, "उद्या येशीन ना?" संध्याकाळी बाबा स्टँडवर घ्यायला आले होते. गाडीला किक मारता मारता म्हणाले, काय झालं आज? मी म्हणाले, विचारलं. त्यांना काय विचारलं ते माहीत नव्हतं, कुणाला तेही नाही. तरी त्यांनी गाडी बंद करून मला पूर्ण सांगायला लावलं, तिथेच, रसवंतीच्या बाजूला उभं राहून.

सरांच्या घरी मी एकदाच गेले, केमिस्ट्री लॅबमध्ये त्यांचा राहिलेला ॲप्रन द्यायला. काकूंनी तो हातात घेतला, त्यावरचे डाग बघितले. "आमच्या घरी पयल्या वर्षाचं एक पोरगं हाये," त्या मला म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून पयल्याच वर्षाले हाये. पुढं सरकत नाही." आतून सरांचा आवाज आला, "तिले चहा दे, अन् माह्या तक्रारी नंतर सांग." काकूंनी चहा दिला, पहिला कप मला. मग त्या माझ्या कपाकडे बघत उभ्या राहिल्या. मी पहिला घोट घेईपर्यंत त्यांनी स्वतःचा कप उचलला नाही.

मी तिसऱ्या वर्षाला असताना सर निवृत्त झाले. नंतर कानावर आलं की ते आता आयटीआयमध्ये वायरमनच्या मुलांबरोबर बसतात, आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात कुठलातरी फ्यूज उडवला. वरच्या वर्गातला नियम कोणी बंद केला नाही. तो आपोआप थांबला. खिडकीजवळच्या बाकावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले, आणि बाकावर गठ्ठे असले की पाहुणा येत नाही.

मी आता त्याच वर्गात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात माझा सेमिनार होता. विषय कोडिंग थिअरी: संदेश पाठवताना वाटेत चूक झाली तर ती पलीकडच्याला कशी ओळखता यावी म्हणून त्यात जास्तीचे आकडे कसे मिसळायचे. सरांच्या वेळी हा विषय अभ्यासक्रमात नव्हता. सकाळी लवकर येऊन मी बाकावरचे गठ्ठे उचलून कपाटावर ठेवले. कोणाला बोलावलं नव्हतं. बाक मोकळा असावा, एवढंच वाटलं.

मी फळ्यावर नाव लिहून वळले, तर दारात सर उभे होते. थोडे वाळलेले. शर्टाच्या खिशात खडूऐवजी टेस्टर. मला कोणी सांगितलं नव्हतं ते येणार म्हणून, आणि त्यांना कोणी सांगितलं तेही मला माहीत नाही. ते आत आले, नव्या विभागप्रमुखांना नमस्कार केला आणि खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसले.

वर्ग माझी वाट बघत होता. माझ्यासमोर पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत सगळं तयार होतं. मी सुरू करू शकले असते. मी खडू हातात धरला, खिडकीकडे वळले आणि थांबले.

नवे विभागप्रमुख घड्याळाकडे पाहायला लागले. मग सर उठले. बाकाच्या कडेवर हात ठेवून.

"हे जास्तीचे आकडे," ते म्हणाले, "कमीत कमी किती टाकले तं भागते? याच्याहून कमी चालतच नाही, असं कोनी सिद्ध केलं का?"

मी सगळी पुस्तकं वाचली होती. काही ठरावीक प्रकारांपुरतं उत्तर मला माहीत होतं, सगळ्यांसाठी नव्हतं. ते आहे की नाही, हेही माहीत नव्हतं. विभागप्रमुख समोर बसले होते, माझ्या वर्गातली मुलं, ज्युनियर मुली, सगळे. शाळेत असते तर म्हणाले असते, ते सिलॅबसमध्ये नाही. घरी असते तर म्हणाले असते, बघू. माझे कान तापले, खडूवरची बोटं थरथरायला लागली, आणि मी तो हात लपवला नाही.

"मले नाही येत, सर," मी म्हणाले.

सर सावकाश बसले, बाजूच्या मुलीकडून पेन मागून घेतलं, आणि सगळ्या वर्गाकडे एकदा नजर फिरवून मला म्हणाले,

"पाहुन्याचं झालं. आता घरच्यांले वाढ."